पोट दहा-बारा दिवस बरं, मग पुन्हा तेच, वर हाडंही ठिसूळ : माझ्याकडे दोष कुठे निघाला

आधी तक्रार काय होती ते सांगतो म्हणजे ज्याचं जुळत नाही त्याने पुढे वाचायचा त्रास घेऊ नये. जेवल्यावर तासाभरात पोट ढोलासारखं फुगायचं, सकाळी दोन-तीनदा पळायला लागायचं आणि तेही सैल, चिकट, पाणी ओतलं तरी न जाणारं, मध्येच दोन दिवस काहीच नाही, सारखं तोंड यायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे, आणि वर्षभरात सात किलो वजन उतरलं. ऑफिसातले लोक विचारायचे डाएट करतोस का, आणि खरं सांगतो मला तेव्हा बरंच वाटायचं. वय ४७, पुरुष, ठाण्यात कोपरीला राहतो, नोकरी ऐरोलीला. ठाणे ते ऐरोली ट्रान्स हार्बरने काही लांब नाही पण पोट बिघडलेलं असलं की तेवढंही अंतर पनवेलएवढं होतं.

मी स्वतःच ठरवलं होतं की ही अ‍ॅसिडिटी आहे. पॅन्टोप्राझोल ४० ची गोळी रोज सकाळी, कोणी लिहून दिली होती म्हणाल तर चार वर्षांपूर्वी एकदा चौदा दिवसांसाठी दिली होती, ती मी पुढे तीन वर्षं चालू ठेवली, मेडिकलवाला देतोय ना मग झालं.

हाडांचं नंतर कळलं. २०२३ चा जून, पहिला पाऊस, बिल्डिंगच्या जिन्यावर शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरलो, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले की एवढ्याशा पडण्याने तुमच्या वयाच्या माणसाचं हाड मोडायला नको होतं, रक्त तपासा आणि डेक्सा करा, म्हणजे हाडं किती भरलेली आहेत ते मोजणारा स्कॅन. व्हिटॅमिन डी आलं ९. वीसच्या खाली म्हणजे कमतरता आणि तीसच्या वर असेल तर ठीक, त्या मानाने ९ म्हणजे तळच. हिमोग्लोबिन १०.८. डेक्सामध्ये पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला टी-स्कोर न बघता झेड-स्कोर बघतात, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना, तो उणे २ च्या खाली गेला तर वयाच्या मानाने हाडं कमी भरलेली. माझा कमरेचा उणे २.३.

इथून माझे प्रयोग सुरू झाले आणि तेच सविस्तर सांगणार आहे, कारण यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हीही करत असाल.

आमच्या घरात आई ७४ वर्षांची आणि तिचा औषधांचा डबा मिसळणाच्या डब्यापेक्षा मोठा. कोविडपासून गुळवेलीचा काढा रोजचाच होता. त्यात मी भर घातली ती अशी, रात्री त्रिफळा, सकाळी जळजळीसाठी ज्येष्ठमधाची पूड दुधातून, जेवणानंतर आईचं घरी केलेलं हिंगाष्टक चूर्ण दोन्ही वेळा अर्धा चमचा, हाडांसाठी लाक्षादि गुग्गुळ, आणि ओळखीच्या एका मावशींनी त्यांच्या कुंडीतली कांडवेल तोडून दिली ती. कांडवेल म्हणजे हाडजोड, चौकोनी हिरवी कांडी असते, सांध्यासांध्याने वाढते, दिसायलाच हाडांच्या साखळीसारखी, म्हणून संस्कृतात अस्थिशृंखला. बायकोने त्याची चटणी वाटली आणि मी मोठा घास घेतला, घसा असा खाजला की तासभर बोलता येईना. नंतर आई म्हणाली अगं अळूसारखंच आहे ते, चिंच नाही का घातलीस. त्या वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात, आंबट घालून आणि तुपात नीट परतून घेतलं की त्रास कमी होतो. मी दीड महिना खाल्ली. हाड जुळलं का, जुळलं, पण प्लास्टर पण होतंच ना, त्यामुळे कांडवेलीने किती आणि प्लास्टरने किती ते मी कसं सांगणार.

शिवाय लाडू. मोडलेल्या हाडाला लाडू नाही असं मराठी घर नाही. आत्याने मेथीचे पाठवले, आईने डिंकाचे केले, बायकोने नाचणी-तिळाचे. मेथीच्या लाडवात कणीक असते हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यातल्या प्रत्येकाचा काय निकाल लागला ते. ज्येष्ठमधाने जळजळ खरंच कमी झाली, पण दीड महिन्याने सहज बीपी बघितलं तर १५० वर ९६, पायावर सूज, मोज्याचा वळ दुपारपर्यंत जाईना. नौपाड्यातल्या एका वैद्य मॅडमकडे गेलो होतो, त्या पहिलंच वाक्य बोलल्या की घरात जे जे घेताय त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, ना हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं ना मी सांगितलं. ज्येष्ठमध त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, त्याने शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटतं, चार-आठ दिवसांसाठी ठीक, महिनोन्महिने चमचाभर नाही. तीन आठवड्यांत बीपी खाली आलं. त्यांनीच पिशवीतली आणखी एक बाटली बाजूला काढली, पोट साफ होण्यासाठी म्हणून मी दुकानातून आणलेलं कुठलंतरी चूर्ण, मागच्या बारीक अक्षरात सोनामुखी. सोनामुखी म्हणजे आतड्याला चाबूक मारून पळवणं, रोज घेतली की आतडं चाबकाशिवाय हलायचं विसरतं. एकीकडे जुलाब आणि दुसरीकडे मीच रात्री जुलाबाचं औषध घेतोय, आणि मग सकाळी म्हणतोय पोट ठीक नाही. डोक्याला हात.

गुळवेलीचं थोडं नाजूक आहे कारण घराघरात भक्ती आहे. माझं एसजीपीटी १३० आलं होतं, म्हणजे लिव्हरवर ताण. मुंबईतच २०२० च्या शेवटी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना लिव्हरचा त्रास झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं होतं, आणि आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती, सारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असेल वगैरे. मी काढा बंद केला आणि पुढे एसजीपीटी नॉर्मल आलं. पण तेव्हाच दुसराही एक मोठा बदल केला होता, जो पुढे येतोय, आणि त्या मूळ आजारानेही लिव्हरचे आकडे वाढतात, त्यामुळे गुळवेल दोषी की निर्दोष हे माझ्या उदाहरणावरून ठरत नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की असंच होतं, हातात काही राहत नाही.

खरा धागा मिळाला तो व्हिटॅमिन डीमुळे. साठ हजार युनिटचं सॅशे आठवड्याला एक असं आठ आठवडे घेतलं, दुधातून, जेवणानंतर, एकही न चुकवता. पुन्हा टेस्ट, ९ वरून १४. हाडांचे डॉक्टर म्हणाले एवढ्या डोसने इतकंच वाढत असेल तर तुम्ही घेताय ते आत शोषलंच जात नाहीये, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणजे माझ्या दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती. पोट गळकं आणि हाडांपर्यंत काही पोचत नाही. मी वर नळ सोडत होतो नाचणीचा, तिळाचा, गोळ्यांचा, आणि टाकी खालून रिकामी.

दुसरा धागा श्रावणाचा. २०२३ ला अधिक श्रावण होता, आईचं अधिक महिन्याचं सगळं व्रत, मग पाठोपाठ निज श्रावण, घरात दोन महिने उपासाचंच राज्य. मी सोमवार, शनिवार आणि एकादशी आईसोबत धरायचो, बाकी संध्याकाळी भाकरी. आणि त्या दोन महिन्यांत पोट इतकं शांत की मी ऑफिसात लोकांना सांगत फिरलो, लंघनासारखं औषध नाही. आता विचार करा, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, तळलेला बटाटा, याला हलकं जेवण कोण म्हणेल. हलकं नव्हतं, त्यात गहू नव्हता. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, कशातच गहू नाही. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आणि टीटीजी आयजीए नावाची रक्ताची टेस्ट लिहिली, सिलिअ‍ॅकसाठी. सिलिअ‍ॅक म्हणजे गहू आणि जवातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतं, त्या अस्तरावरचे केसांसारखे उंचवटे झिजतात, मग लोह, कॅल्शियम, डी, काहीच नीट शोषलं जात नाही. हा आजार उत्तर भारतात जास्त दिसतो, आपल्याकडे कमी, त्यामुळे आपल्याकडे चटकन कोणाला शंका येत नाही. आणि इथे मी माती खाल्ली. टेस्ट काठावर आली. का, तर श्रावणानंतर मला बरं वाटतंय म्हणून मी चपाती जवळपास सोडूनच दिली होती. गहू बंद असताना ती टेस्ट केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गहू सोडून बघायच्या आधी टेस्ट करा, नंतर नाही. या लेखातली हीच एक ओळ तरी लक्षात ठेवा. मला मग सहा आठवडे रोज दोन चपात्या खाऊन परत टेस्ट करावी लागली, ते सहा आठवडे कसे गेले ते ट्रान्स हार्बरला विचारा. डिसेंबरमध्ये आकडा कित्येक पटीने वर, मग एन्डोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासले, आणि नाव पक्कं झालं.

जानेवारी २०२४ पासून गहू पूर्ण बंद. चपाती, पाव, रवा, शेवया, मैदा, आत्याचे मेथीचे लाडू, सगळं. पहिल्या महिन्यात चमत्कार वाटला. आणि मग सुरू झाला तो त्रास ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, कारण गहू सोडल्यावरही बरं वाटत नाही म्हणून पथ्यच सोडून दिलेली दोन माणसं मला वर्षभरात भेटली.

दहा-बारा दिवस पोट मस्त, मग अचानक तीन दिवस पुन्हा तेच, फुगणं, पळणं, तोंड येणं. पुन्हा दहा दिवस ठीक. बायकोला वाटायचं मी ऑफिसात चोरून वडापाव खातो. आईशपथ नाही खाल्ला. मग एक जुनी वही काढली आणि रोज काय खाल्लं, कुठे खाल्लं, पोट कसं, इतकंच लिहायला लागलो. दूध बंद करून बघितलं, थोडा फरक पडला, तो वेगळा विषय, आतड्याचं अस्तर झिजलेलं असताना दूध पचवणारा रसही कमी होतो, आता सहा-आठ महिन्यांनी मला दूध परत चालायला लागलं. पण ते दहा-बारा दिवसांचं चक्र काही दुधाने तुटलं नाही.

वहीत दिसलं की चक्र दळणाशी जुळतंय. आमचं पाच किलो ज्वारीचं दळण बारा-तेरा दिवस पुरतं. माझी पहिली शंका गिरणीवर होतीच, पण मी ती स्वतःच खोडून काढली होती, कारण नवीन दळण आणलं की उलट पोट छान असायचं, त्रास व्हायचा तो डबा संपत आल्यावर. म्हटलं पीठच खराब असतं तर पहिल्या दिवशी त्रास नको का. महिनाभर याच विचारात गेला. मग एका रविवारी दळण टाकायला मी गेलो, एरवी बायको जाते, आणि गर्दी नव्हती म्हणून तिथेच उभा राहिलो. माझ्या आधी कोणाचा तरी दहा किलो गहू. तो संपला, मशीन बंदही न करता वरून माझी ज्वारी ओतली, आणि खाली पीठ पडतं तिथे बांधलेला कापडी नळा, तो गव्हाच्या पिठाने पांढराफट. पहिल्यांदा जे पीठ निघालं ते जात्यात आणि नळ्यात अडकलेला गहू घेऊनच निघालं, आणि ते पडलं थेट माझ्या डब्याच्या तळाशी! वर सगळी नुसती ज्वारी. आम्ही वरून खात खात जायचो आणि बाराव्या दिवशी तळाला पोचलो की गव्हाचा थर.

यात गिरणीवाल्या काकांची काही चूक नाही, ते तसंच दळतात, सगळ्या गिरण्यांत तसंच दळतात, उलट ते विचारतात, ज्वारीवर टाकू का तांदळावर. गव्हाचा कण लागला तर कोणी आजारी पडतो हे त्यांना कोण सांगणार. मी सांगितलं. त्यांनी सुचवलं की सकाळी गिरणी उघडताच या, झाडून-पुसून झालेलं असतं, आधी एक किलो तांदूळ दळतो, तो तुम्ही घेऊ नका, मग तुमचं. दोन महिने तसं केलं, खूप फरक पडला, पण कापडी नळा तोच. नाचणी आणि तांदूळही दळायचे, दरवेळी पहिलं किलोभर कोणाला तरी द्यायचं, शेवटी घरघंटी घेतली. फ्लॅटमध्ये आवाज होतो, खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा बेल वाजवली, आता दुपारी चारला दळतो. घरघंटीत गहू कधीच घालायचा नाही, पाहुणे आले आणि आत्या म्हणाली थोडा गहू दळून घेते गं, तरी नाही.

चक्र मोडलं. तीन दिवसांचा मोठा झटका बंद झाला. पण बारीक कुरकुर राहिली, आठवड्यातून एकदोनदा पोट जड, आणि एकदा सुरू झालं की चार-पाच दिवस जायचं नाही. इथे वहीनेच फसवलं, कारण त्यात मी जेवण लिहीत होतो, औषध लिहीत नव्हतो. औषधाने पोट बिघडेल असं आपल्या मनातच येत नाही.

हिंग. बाजारात मिळतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो, बांधानी हिंग असतो, म्हणजे हिंगाचा चीक थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं. शुद्ध हिंग इतका जहाल असतो की तसाच वापरता येत नाही म्हणून बांधतात, लपवाछपवी काही नाही, डबीवर छापलेलं असतं. आमच्या डबीवर पण होतं, मी चष्मा लावून वाचलं नव्हतं इतकंच. आमटीत चिमूटभर जातो, त्याचं एक वेळ सोडा. पण हिंगाष्टक. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग, आठही समभाग, म्हणजे आठवा हिस्सा त्या डबीतला हिंग, आणि मी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा चमचा. पोट फुगलं की आई म्हणायची हिंगाष्टक घे, मी घ्यायचो, त्यातल्या गव्हाने पोट तसंच राहायचं, मग आई म्हणायची तीनदा घे. अशी मी चार-पाच महिने स्वतःची प्रकृती बिघडवत ठेवली, आणि तेही चवीला मस्त म्हणून तूप-भाताबरोबर.

आईला सांगणं अवघड गेलं. ती दोन दिवस गप्प होती. मग जांभळी नाक्यावर जाऊन तिनेच दुकानदाराला दहा डब्या उलटसुलट करायला लावल्या आणि तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधून आणला, मिळतो तसा, आणि त्याचं नवीन हिंगाष्टक केलं. ते मला चालतं. जेवणात पहिल्या घासाला घेतो, गॅसला उपयोगी पडतं, चूर्ण वाईट नव्हतंच.

बाकी लपलेल्या जागा पटापट सांगतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आमची आता वेगळी भाजतात. नाचणीची बिस्किटं म्हणून जी मिळतात त्यांच्या पाकिटावर पहिलं नाव बघा, बहुतेकदा मैदाच निघतो. सातूचं पीठ नाही, मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी नाहीत, ते जवाचं असतं, आणि बिअर पण त्यातच आली, याचं दुःख वेगळं. सोया सॉसमध्ये गहू असतो म्हणून चायनीजची गाडी बंद. भजी बेसनाची पण ज्या तेलात आधी समोसे तळले त्याच तेलात, म्हणून बाहेरची नाही. मिसळ मागवताना पाव नको इतकं पुरत नाही, रस्सा कशात काय घालून केलाय ते विचारावं लागतं आणि ते विचारायला लाज वाटते, पहिले सहा महिने वाटते, मग नाही. ग्लूटेन-फ्री छापलेलं पाकीट असेल तर आपल्याकडच्या नियमाने किलोत २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असायला हवं, त्यावर मी विसंबतो. घरात पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी वेगळी केली, चाळणी सगळ्यात महत्त्वाची, तिच्या जाळीतलं पीठ धुऊनही जात नाही.

आता हाडांकडे. आतडं सावरायला लागल्यावरच खाण्याचा उपयोग व्हायला लागला. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं पण शंभर ग्रॅम कोण खातं, एक भाकरी म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ धरा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे नुसत्या नाचणीवर भागवायचं तर सहा भाकऱ्या होतात. म्हणून मी विभागून घेतो, एक नाचणीची भाकरी, ताक दोनदा, शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा, आणि मासे. चेंदणी कोळीवाडा हाकेवर असून मी इतकी वर्षं सुरमई-पापलेटच्या मागे होतो, त्यांचा काटा आपण टाकतो. मांदेली कुरकुरीत करून काट्यासकट खायची, सुकट, जवळा, तेही कवचासकट अख्खंच खाल्लं जातं. पिठात घोळवायला तांदळाचं पीठ, रवा नाही. तीळ न पाखडलेले सालीचे, चटणी करून, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम बरंच कमी होतं. पालक हाडांसाठी म्हणून खात असाल तर त्यातलं ऑक्झलेट स्वतःचंच कॅल्शियम धरून बसतं, चवीसाठी खा.

गोळ्यांमध्ये एक चूक सुधारली. मला कॅल्शियम कार्बोनेट दिलं होतं, ते विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि मी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेऊन आम्लच बंद करून बसलेलो. डॉक्टरांना पॅन्टोप्राझोलचं सांगितलं तेव्हा त्यांनी कॅल्शियम सायट्रेट केलं, त्याला आम्लाची तेवढी गरज नाही. आणि ती सकाळची गोळी, वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच या गटातल्या औषधांवर हाड मोडण्याच्या धोक्याची सूचना घातली होती. पण एकदम बंद करू नका, मी केली आणि चार दिवसांत छातीत अशी आग की हार्ट अ‍ॅटॅक समजून बायको रिक्षा आणायला धावली. अचानक बंद केली की आम्ल उसळून येतं. डॉक्टरांनी मग ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, असं दीड महिन्यात सुटली. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेत होतो तेही वेगळं केलं, एक सकाळी एक रात्री, आणि लोहाच्या आसपास चहा नाही. इसबगोल घेत असाल तर कुठल्याही गोळीपासून दोन तास लांब, ते गोळीला गुंडाळून घेऊन जातं.

लाक्षादि गुग्गुळ वैद्य मॅडमनी तीन महिने देऊन बंद केला, त्याचा स्वतंत्र फायदा झाला का ते मला मोजता आलं नाही. त्रिफळा कधीमधी घेतो. गुळवेल नाही.

आकडे असे आहेत. डी आता ३४, हिमोग्लोबिन १३.६, वजनातले पाच किलो परत आले. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा डेक्सा केला, कमरेचा झेड-स्कोर उणे २.३ वरून उणे १.८. डॉक्टर म्हणाले हाडांचं असंच हळू हळू असतं, पुढचा दीड-दोन वर्षांनी बघू. टीटीजी अजून पूर्ण खाली आलेलं नाही, थोडं वर आहे, म्हणजे कुठून तरी कण जातोय. वहीप्रमाणे संशय ऑफिसच्या कँटीनवर आहे, इडली मी खातो, तांदूळ-उडीदच आहे, पण सांबार. परवा कँटीनच्या मुलाला म्हटलं हिंगाची डबी दाखव रे जरा. त्याने डबी नाही, एक मोठा प्लास्टिकचा डबा आणला, झाकण उघडलं, वर काही लिहिलेलं नाही, आत पिवळसर पूड. सांबार सोमवारपासून बंद केलंय, इडलीला घरून नेलेली तिळाची चटणी, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देणार आहे.